नवा सायलेन्सर बसवल्यावर गाडी फट-फट वाजते? या चुका टाळा

कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला मोकळा सायलेन्सर बसवला आणि कात्रजचा घाट उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच, मागून फट-फट आवाज येऊ लागला, की बहुतेक जण एक तर सायलेन्सरलाच दोष देतात किंवा ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) रिमॅप, म्हणजे इंधन-ठिणगीच्या आकड्यांत फेरबदल, करून घ्यायला धावतात. यांपैकी कशाचीच घाई करू नये. आवाज नेमका केव्हा येतो, हे आधी नीट पाहावे. निदानाचे निम्मे काम तिथेच होते.

पाय काढल्यावरच आवाज येत असेल, तर पहिला संशय एग्झॉस्ट पाइपाच्या सांध्यातील गळतीवर घ्यावा. पाय काढल्यावर ईसीयू इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) बंद करतो हे खरे. परंतु ते बंद होण्यापूर्वी आणि पुन्हा सुरू होताना थोडे इंधन न जळताच पाइपात जाते. एग्झॉस्टच्या ठोक्यांमुळे पाइपात क्षणभर दाब कमी होतो, सैल सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तापलेल्या पाइपात हे इंधन पेट घेते. मोकळ्या सायलेन्सरमध्ये अधूनमधून होणारी मंद गुरगुर मात्र दोष मानू नये. मूळ सायलेन्सर ती दाबून टाकत असे, एवढेच.

गळती ओटू सेन्सरच्या (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी असेल, तर प्रकरण अधिक बिघडते. बाहेरून आलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर ‘मिश्रणात इंधन कमी आहे’ असा चुकीचा निरोप देतो, ईसीयू इंधन वाढवतो आणि त्या जादा इंधनामुळे फटाके आणखी वाढतात. स्कॅनर लावल्यावर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात कायम केलेली वाढ-घट) +१० टक्क्यांच्या पुढे दिसत असेल, तर ही शक्यता तपासल्याशिवाय रिमॅपवर पैसे खर्च करू नयेत, कारण गळका सांधा तसाच ठेवून केलेला रिमॅप खोट्या आकड्यांवर उभा राहतो.

गळती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला लावावी, कडेने कापड गुंडाळावे आणि मॅनिफोल्डपासून (इंजिनाला जोडलेल्या एग्झॉस्टच्या पहिल्या भागापासून) मागे येत प्रत्येक फ्लॅंजवर (बोल्टने जोडलेल्या सांध्यावर), क्लॅम्पवर आणि वेल्डिंगवर भांडी घासायच्या साबणाचे पाणी सोडावे. जिथे बुडबुडे येतात तिथे गळती आहे. फ्लॅंजच्या कडेला काजळीचा काळा, पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला, तर साबणाचीही गरज उरत नाही. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हात फिरवत गळती शोधणे मात्र कटाक्षाने टाळावे. हात भाजण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा धोका कितीतरी मोठा आहे.

सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे सांध्यातले जुने गॅस्केट (गळती रोखणारी चकती) पुन्हा वापरणे. एकदा दबलेले गॅस्केट दुसऱ्यांदा तसे बसत नाही, आणि पुण्याच्या नाना पेठेत नवे सहज मिळत असताना ते वाचवण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी साधे सिलिकॉन फासणे त्याहून वाईट, कारण मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेत ते टिकत नाही आणि त्याच्या वाफांनी ओटू सेन्सर निकामी होऊ शकतो.

वेग वाढवताना किंवा चढावर आवाज येत असेल, तर सायलेन्सर सोडून स्पार्क प्लग आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे पाहावे. तो बहुधा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे, असतो. पुण्यात सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि सीएनजी पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते, त्यामुळे झिजलेले प्लग आधी सीएनजीवरच उघडे पडतात. गाडी पेट्रोलवर चालवून आवाज थांबतो का, हे पाहावे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नये, कारण न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळून त्याची जाळी वितळू शकते. ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचण्यापूर्वीच पुसून टाकणे हीदेखील चूकच; बिघाडाच्या क्षणी नोंदलेली माहिती त्याबरोबर जाते.

मुद्दाम फटाके वाजवण्यासाठी ठिणगी उशिरा देणारा रिमॅप काही जण हौसेने करून घेतात. ती हौस कन्व्हर्टरच्या आयुष्यावर उठते, शिवाय कायद्यातही बसत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज व प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला देणाऱ्या गॅरेजपासून दूरच राहावे.

गळती बंद केल्यावर काही दिवस गाडी चालवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर फ्लॅंजचे बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्यावेत. त्याच वेळी पाइप टांगून धरणारी हँगरची रबरेही पाहावीत. पाइप खाली लोंबत असेल, तर सोसायटीतल्या उंच गतिरोधकावर आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तो आपटतो व नुकताच बंद केलेला सांधा पुन्हा उघडतो.