वेदांकडे जायचंय? पहिल्या ओवीपासून उलटं चाला

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावच्या सप्ताहात मी पंधरा वर्षं ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसले. सात दिवसांत अठरा अध्याय; ओठ आपोआप हलतात. एकदा सूनबाईनं विचारलं, "आत्याबाई, स्वसंवेद्या म्हंजी काय वो?" मला सांगता येईना. लाजच वाटली. तेव्हापासून ही उलटी वाट धरली.

वेदांचे खंड आधी आणू नका. एकट्या ऋग्वेदातच १०२८ सूक्तं. तिसऱ्यालाच माणूस पुस्तक मिटतो. शब्दार्थ दिलेली ज्ञानेश्वरी घ्या आणि पहिली ओवी वहीत उतरवा:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

आता डाळ निवडतो तसा एकेक शब्द बाजूला काढा. 'वेद' आला 'विद्' धातूवरून, विद् म्हणजे जाणणं. 'स्वसंवेद्या'तही तोच विद् दडलाय: ज्याचा त्यानंच जाणायचा असा. म्हणजे वेद ज्याचं वर्णन करतात, तो कळतो मात्र आतूनच. एवढ्याला मला तीन संध्याकाळी लागल्या. कापूस वेचणी चालू होती.

मोबाइलवर आलेली ओवी पोथीत ताडून बघा. आमच्या पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा बजावलंय: हिच्यात पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी ठेवतो.

पुढं ओवीशेजारी गीतेचा श्लोक ठेवा. श्लोक ७०० आणि ओव्या नऊ हजारांच्या आसपास, तेव्हा घाई नको. बारावा अध्याय आधी घेतला तरी चालतं, लहान आहे.

मग ईशावास्य उपनिषद. मंत्र १८च. आणि गंमत अशी, की हे उपनिषद म्हणजे शुक्ल यजुर्वेदाचा शेवटचा, ४० वा अध्याय. न कळत वेदात पाय पडला की!

आता ऋग्वेदाचा पहिला मंत्र उघडा: 'अग्निमीळे पुरोहितं'. लिहून ठेवायच्या आधी पिढ्यान् पिढ्या तो तोंडपाठ होता, म्हणून श्रुती, म्हणजे ऐकलेलं. पाठ बिघडू नये म्हणून शब्द सुटे करूनही म्हणत: अग्निम्, ईळे, पुरःहितम्. त्याला पदपाठ म्हणतात. डाळ निवडायची रीत तिथलीच.

सूनबाईनं 'ईळे'वर बोट ठेवलं. "आत्याबाई, ह्यो तर आपल्या केळातला ळ!"