रायडिंग मॉवरचं इंजिन वर-खाली होतंय? या चुका टाळा

थ्रॉटलला हात लावलेला नाही, तरी इंजिनाचा आवाज आपोआप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रायडिंग मॉवरची, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या मशीनची, ही तक्रार नेहमीचीच, आणि तिच्यावर केले जाणारे उपायही ठरलेले. प्लग बदलतात, वेग सांभाळणारा गव्हर्नर पिळतात, नाहीतर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटरच थेट नवा मागवतात. पाच मिनिटं शांतपणे इंजिन ऐकायची तयारी मात्र कोणाची नसते.

ऐकलं तर निम्मं निदान तिथेच होतं. आवाज ठरावीक लयीत वर-खाली होत असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा आत येतेय. लय नाही, मध्येच ठोका चुकतो आणि इंजिन झटका देतं, तर ते मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकतेय. मग प्लग, कॉइल, वायर तपासा. काळा धूर येत असेल तर प्रकार उलटा आहे, पेट्रोल जास्त जातंय. हवा अडवणारा चोक अर्धवट बंद राहिलाय का आणि एअर फिल्टर तुंबलाय का, ते आधी बघा.

लयीत वर-खाली होणाऱ्या इंजिनावर मी सगळ्यात आधी एकच गोष्ट करतो. इंजिन चालू असताना चोक हळूहळू अर्धा ओढतो. चोकमुळे हवा कमी होते आणि मिश्रण घट्ट होतं. आवाज लगेच सरळ झाला, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. या परीक्षेला एकही हत्यार लागत नाही, तरीही ती न करता लोक पाना हातात घेतात.

गव्हर्नरला हात लावणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण हिच्यात माणसाला इजा होऊ शकते.

वेग वर-खाली होतोय आणि वेग सांभाळतो गव्हर्नर, म्हणजे बिघाड गव्हर्नरातच, असा हिशोब केला जातो. वरवर पटणारा आहे, पण चुकीचा. इंजिनाचा वेग पडला की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वाढला की मिटतो. थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरातल्या बारीक भोकाच्या तोटीतून येतं. तो जेट तुंबला की इंजिन मरायला लागतं. गव्हर्नर घाईने थ्रॉटल उघडतो, मोठ्या मेन जेटमधून पेट्रोल येतं, वेग उसळतो. गव्हर्नर पुन्हा मिटतो, इंजिन पुन्हा उपाशी. म्हणजे गव्हर्नर आपलं काम चोख करतोय, उपासमार दुसरीकडे आहे. म्हणूनच पातं जोडून दाट गवतात गेलं की हेच इंजिन कित्येकदा शहाण्यासारखं चालतं. भार आला की थ्रॉटल उघडा राहतो आणि मेन जेट काम करतो.

एका गृहस्थांनी गव्हर्नरची स्प्रिंग लांबच्या भोकात अडकवली होती आणि वर पक्कडीने थोडी वाकवून ताणली होती. वर-खाली होणं थांबलं, आणि इंजिन दुरुस्त झालं असं ते सगळ्यांना सांगत होते. थांबणारच, कारण थ्रॉटल आता मिटतच नव्हता. मी इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला तर आकडा मिनिटाला ४,४०० च्या वर. या इंजिनांची कमाल मर्यादा साधारण ३,६०० आरपीएमची (मिनिटाला फेरे) असते. स्प्रिंग पूर्ववत करा, असं मी तिथेच सांगितलं. पण गवत छान कापलं जात होतं, त्यामुळे ते राहून गेलं. पुढे मशीन परत आलं ते ढकलत. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, कुशीतून बाहेर आला होता, भोकात बोट जाईल एवढी जागा होती आणि सगळी फ्रेम काळ्या तेलाने माखलेली. कार्बोरेटर उघडला तर पायलट जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा हिरवट डिंक. तो जेट वेळेवर साफ झाला असता तर इंजिन वाचलं असतं. आणि ते गृहस्थ बसत त्या सीटखाली पातंही तेवढ्याच जादा वेगाने फिरत होतं, कारण पातं पट्ट्याने इंजिनालाच जोडलेलं असतं. त्या वेगाने उडालेला खडा कुणाला लागला असता तर?

टॅकोमीटर आणि त्या इंजिनाचं मॅन्युअल हाताशी नसेल तर गव्हर्नरचा एकही स्क्रू फिरवू नका. कार्बोरेटर उतरवण्याआधी स्प्रिंगा आणि दांड्या कुठल्या भोकात आहेत त्याचा फोटो काढा. मी जवळून एक आणि बाजूने एक असे दोन काढतो.

जेटमध्ये तार घालणे

जेट पितळेचा, पितळ मऊ, आणि भोक केसासारखं बारीक. टाचणी किंवा लोखंडी तार फिरवली की भोक मोठं होतं, आणि मग ते इंजिन कधीच नीट ट्यून होत नाही. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवा, मग हवेने उडवा. गॉगल घालूनच. रबरी ओ-रिंग आणि प्लास्टिकचे भाग आधी काढून बाजूला ठेवा, क्लीनरने ते फुगतात. साफ झालेला जेट उजेडासमोर धरून भोक गोल दिसल्याशिवाय मी तो बसवत नाही. कार्बोरेटर न उघडता वरून फवारा मारून झालं म्हणणाऱ्यांना मी पुन्हा उघडायलाच लावतो.

कार्बोरेटरच्या आधीचं न तपासणे

पेट्रोल टाकीतून निघतं, तेव्हा शोधही टाकीतूनच सुरू व्हावा. सुरुवातीला झकास, मग अर्ध्या तासाने धापा आणि बंद, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. असं होत असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. या छिद्रापायी चांगले कार्बोरेटर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिन्याहून जुनं पेट्रोल मी या इंजिनांत वापरतच नाही. फिल्टर बदला, आणि त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. नळी कुठे दबली किंवा चिरली आहे का, तेही हात फिरवून बघा.

किरकोळ, पण रोजच्या

एअर फिल्टर काढून इंजिन चालवून बघणं बंद करा, धूळ सरळ सिलिंडरात जाते.

प्लगची फट डोळ्याने मोजू नका. बऱ्याच इंजिनांत ती ०.७६ मिलिमीटर असते, तरी आपलं मॅन्युअल बघा.

दोन सिलिंडरचं इंजिन जड आवाजात थरथरत असेल तर कदाचित एकच सिलिंडर चालतोय. मिनिटभर चालवून दोन्हीकडच्या एक्झॉस्ट पाइपचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. थंड बाजू मेलेली. हाताने बघू नका.

काम करताना प्लगची वायर काढून ठेवा आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू करू नका.

सगळं साफ करूनही वर-खाली होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी पातळ चकती, तपासा. तिथून हवा शिरत असेल तर जेट कितीही साफ केला तरी फरक पडत नाही. तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत मी वापरत नाही, आग लागते. बोल्ट ढिले आहेत का बघतो, आणि कार्बोरेटर एकदा उतरवला असेल तर गॅस्केट नवंच घालतो. जुनं चांगलं दिसलं तरी.