जॉइनिंग लेटर आलंय, बॅग भरायच्या आधी हे वाच

मामांच्या पोरीला हिंजवडीतल्या कंपनीचं जॉइनिंग आलं. पेढे वाटून झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, आधारला नंबर कुणाचा आहे? "माझाच असंल की, ताई." तिथंच मोबाइलवर बघितलं, तर शेवटचे तीन आकडे मामांच्या फोनचे निघाले. म्हणून हे लिहायला बसले. तू जिंतूरहून निघ, सेलूहून निघ, नाहीतर गेवराईहून, पहिल्या नोकरीला पुण्याकडे निघालेल्या आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक पोरापोरीची हीच गत आहे. शाळेत असताना आधार काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, तोच नंबर लागला. पुढे स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना काहींनी तर नेट कॅफेवाल्याचा नंबर दिलेला असतो.

कपडे, चार्जर, औषधं यावर मी शब्द घालवत नाही, ते घरचे भरतातच. सोलापुरी चादर मात्र आठवणीने घे, पीजीत गादी मिळते, पांघरूण मिळत नाही.

आता आधारचं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर आधार चालू आहे का ते तपासायची सोय आहे. बारा आकडे टाकले की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तुझ्या नंबरचे नसतील, तर बाकी सगळी तयारी बाजूला ठेव आणि आधार केंद्र गाठ. नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, आधार कार्ड आणि तू स्वतः, कारण बोटं लावावी लागतात. पंधराव्या वर्षानंतर बोटं आणि डोळे पुन्हा द्यायचे असतात, ते राहिलं असेल तर त्याच फेरीत उरक. पावती जपून ठेव. नंबर लगेच लागतो असं नाही, माझा नवव्या दिवशी लागला. म्हणून हे काम जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नकोस, ऑफर हातात आली त्याच आठवड्यात कर. आणि जो नंबर देशील तो पुढची कित्येक वर्षं ठेवणार असशील तोच दे. पुण्यात गेल्यावर ऑफर बघून नवं सिम घ्यायचं आणि जुन्याचं रिचार्ज सोडायचं, असं केलंस तर पुन्हा तिथंच येशील.

माझं काय झालं ते सांगते. दिवाळी संपली आणि ४ नोव्हेंबरला मी रुजू झाले. दुसऱ्या दिवशी पगाराचं खातं उघडायला बँकेची मुलगी टॅब घेऊन ऑफिसात आली. रांगेत माझ्या पुढच्या सहा जणांची खाती पाच-पाच मिनिटांत झाली. माझा ओटीपी गेला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बटणाच्या फोनवर. दादा शेतात, फोन घरी चार्जिंगला. आईने तो उचलून शेजारच्या पोराला हाक मारली, तो शाळेत गेलेला. आधारचा ओटीपी दहाच मिनिटं चालतो. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा दादा घरी पोचले होते, धापा टाकत. "कोणता मेसेज, माय? इथं लई आलेत." त्यांना आकडे वाचता येतात, पण मेसेज उघडायचा कसा ते मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्यांदाही वेळ गेली. ती मुलगी म्हणाली, आधी नंबर बदलून घ्या, मग या.

पुण्यात आधार केंद्रावर टोकन मिळवायला दोन फेऱ्या झाल्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागत होते. खातं उघडेपर्यंत पगाराच्या याद्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे नोव्हेंबरचा पगार डिसेंबरच्या पगारासोबत, महिनाअखेरीला आला. मी घरून ३० हजार घेऊन निघाले होते, ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपले. भाव येईल म्हणून दादांनी घरात सोयाबीन ठेवलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी ते मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, नेलं, आहे त्या भावात. मला हे आईकडून संक्रांतीला कळलं. हे सगळं एका फोन नंबरपायी झालं, आणि ते काम जिंतूरला अर्ध्या दिवसात झालं असतं. म्हणून पुन्हा सांगते, नंबर बघ. आत्ता बघ.

आता कागद. दहावी, बारावी, डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कमेमो, प्रोव्हिजनल, टीसी, पॅन, आठ-दहा फोटो. ओरिजिनल प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल डिकीत टाकायच्या बॅगेत नाही, मांडीवर. झेरॉक्सचे तीन संच. मार्कमेमो हरवली असेल तर परभणी, हिंगोली, बीड, जालन्याच्या पोरांना छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे आणि लातूर, नांदेड, धाराशिवच्या पोरांना लातूरच्या मंडळाकडे डुप्लिकेट मागावी लागते. इंजिनिअरिंग लोणेऱ्याच्या विद्यापीठाचं असेल तर लोणेरे रायगड जिल्ह्यात आहे हे लक्षात ठेव, तिथलं राहिलेलं काम आधी कॉलेजमार्फत सुरू करून ठेव.

नावं जुळतात का ते बघ. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढ्याने फार अडत नाही. पण पॅनवर वडिलांच्या नावाचं एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असलं किंवा जन्मतारीख वेगळी असली, तर पुढे पीएफला अडतं. नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, १ ऑगस्ट २०२५ पासून उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, आणि त्यातही ओटीपी येतो तो आधारच्या नंबरवरच. बघितलंस? बँक झाली, पीएफ झाला, डिजिलॉकरही तसंच. सगळ्या वाटा त्याच एका नंबरवरून जातात.

पैसे किती न्यावेत? दोन महिने पगार येणारच नाही असं धरून. महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालीस तर बऱ्याच ठिकाणी त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात मिळतो. माझ्या पीजीचे जेवणासकट नऊ हजार, तेवढंच डिपॉझिट, शिवाय बस-रिक्षा, ऑफिसातला चहा, एक चांगला बूट. हिशेब घरी बसून कर, आणि तो दादांना खरा सांग. मी कमी सांगितला होता, त्यांना बोजा नको म्हणून. शेवटी तो त्यांच्यावरच पडला.

खोली फोटो बघून घेऊ नकोस, ॲडव्हान्स तर मुळीच पाठवू नकोस. पहिले चार दिवस ओळखीच्या कुणाकडे राहा, प्रत्येक गावाचं कुणी ना कुणी वाकडला नाहीतर चिखलीला असतंच. हिंजवडी म्हणजे एक जागा नाही. फेज एक आणि फेज तीन यांत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये फार फरक पडतो, म्हणून ऑफिस कुठल्या फेजला आहे ते विचारूनच खोली बघ. पाणी रोज येतं की टँकरवर चालतं, जेवण रविवारी रात्री असतं का, डिपॉझिट कधी परत मिळतं, हे तोंडावर विचार. चौघींनी मिळून फ्लॅट घेतलात तर अकरा महिन्यांचा करार नोंदवलेलाच हवा, कायद्याने तो नोंदवावाच लागतो. ऑनलाइन नोंदणीत अंगठाही आधारवरच तपासतात.

खायचं: शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, दोन दिवस टिकतील एवढे धपाटे. ज्वारीचं पीठ नको. पीजीत स्वयंपाक करू देत नाहीत, आणि पीठ महिन्याभरात कडवट होतं. मी पाच किलो नेलं होतं, ते शेवटी फेकलं.

गाडी: नांदेड-पनवेल एक्सप्रेस परभणी, परळी, लातूर करत पुण्याला जाते. तिकीट आता जास्तीत जास्त ६० दिवस आधी काढता येतं. दिवाळीनंतर ट्रॅव्हल्सचे भाव चढतात, तेव्हा रेल्वेचंच बघ. जॉइनिंगच्या दोन दिवस आधी पोच, आदल्या रात्री नाही.

पोचल्यावर एकदा ऑफिसपर्यंत जाऊन ये. एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेव. बाकी तिथं गेल्यावर जमतं.

निघायच्या सकाळी यूआयडीएआयच्या साइटवर ते तीन आकडे पुन्हा एकदा बघ. आणि दादांच्या फोनला तीन महिन्यांचं रिचार्ज मारून जा, मेसेज कसा उघडायचा ते दाखवून.