सरपंच किंवा सदस्याविरुद्ध तक्रार: कलम 14 की कलम 39, आणि कागद कुठून जमवायचे

अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. हा माणूस त्या पदावर राहायलाच अपात्र आहे, की पदावर बसून त्याने गैरवर्तन केलंय? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मध्ये या दोन्हींची दारं वेगळी आहेत. अपात्रता कलम 14 मध्ये येते आणि तिचा निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात. गैरवर्तनासाठी कलम 39 आहे, तिथे निर्णय विभागीय आयुक्तांचा. अतिक्रमण, टक्केवारी, ग्रामसभा न घेणं, नातेवाइकाला काम देणं असं सगळं एकाच अर्जात भरून तो दहा कार्यालयांना पाठवला, की प्रत्येक कार्यालय तो खाली ढकलतं आणि शेवटी गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर दहा प्रती जमतात. दोन विषय असतील तर दोन अर्ज करा.

अपात्रतेचं प्रकरण जवळपास पूर्ण कागदावर चालतं. म्हणून कागद पुरेसा असेल तर हाच रस्ता आधी घ्या.

सर्वांत जास्त अर्ज येतात ते सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाचे, म्हणजे 14(1)(ज-3) खालचे. अतिक्रमण सासऱ्यांनी किंवा नवऱ्याने केलं, मी नाही, हा बचाव नेहमी येतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरतो. पण असे अर्ज पडतात ते दुसऱ्याच कारणाने: जागा खरंच सरकारी आहे, हे सिद्ध होत नाही. फोटो आणि पंचनामा एवढ्यावर भागत नाही. त्या गटाचा सातबारा किंवा गावठाणातल्या मिळकतीची पत्रिका, नमुना 8 चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा असा संच हवा. मोजणीत बांधकाम हद्दीबाहेर किती गेलंय ते चौरस मीटरमध्ये दिसलं पाहिजे.

थकबाकीचा मुद्दा वरवर सोपा दिसतो. मागणीचं बिल रीतसर बजावल्यापासून 3 महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्य अपात्र होतो. यात सगळं वजन ‘बजावल्यापासून’ या शब्दावर आहे. बिल दिल्याची सही नसेल तर थकबाकी कितीही वर्षांची असो, अर्ज टिकत नाही. म्हणून नमुना 9 (कर मागणी नोंदवही) सोबत बिल बजावणीची पोचही मागा.

पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असणं हे तिसरं मोठं कारण. ठेकेदार पुतण्या आहे, एवढं नातं दाखवून चालत नाही. पैसा सदस्यापर्यंत पोचतो किंवा धंद्यात त्याची भागीदारी आहे, हे दाखवावं लागतं: भागीदारीपत्र, जीएसटी नोंदणीतलं मालकाचं नाव, ज्या खात्यात रक्कम गेली त्याचा तपशील. वित्त आयोगाच्या निधीतून झालेली देयकं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतात. सुरुवात तिथून करा, पैसे लागत नाहीत.

जिल्हाधिकाऱ्यांनी असा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कलम 16 म्हणतं. प्रत्यक्षात तारखा पडतात. प्रत्येक तारखेला हजर राहा, कारण अर्जदार गैरहजर असला की प्रकरण थंडावतं.

कलम 39 चं काम जड आहे. आयुक्तांच्या आदेशावरून जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, संबंधिताला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकतात आणि अहवाल पाठवतात. त्यासाठी मुदत एक महिन्याची आहे. नुसत्या गटविकास अधिकाऱ्यांच्या अहवालावर, सुनावणी न देता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही. चौकशी रीतसर व्हावी हा आग्रह म्हणूनच तक्रारदाराने धरायचा, सरपंचाने नव्हे. अर्जात ‘लाखोंचा भ्रष्टाचार’ असं लिहू नका. काम कोणतं, ठराव क्रमांक व तारीख, प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, रक्कम, मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी आणि जागेवरची लांबी-रुंदी, एवढंच लिहा. 100 मीटर गटाराचं देयक निघालं आणि जागेवर 62 मीटरच आहे, हे वाक्य चार पानी आरोपांपेक्षा भारी पडतं. सरपंचाची सही नेमकी कुठे आहे, हेही दाखवा.

याच कलमातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. वार्षिक हिशेब आणि विकासकामांचा खर्च ग्रामसभेपुढे ठेवला नाही आणि फलकावरही लावला नाही, तर किमान 20 टक्के मतदार तक्रार करू शकतात. अट अशी, की सही करणाऱ्यांची घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरलेली हवी. 1,800 मतदारांच्या गावात 360 सह्या लागतील. छाननीत थकबाकीदारांच्या सह्या उडतात, म्हणून 420-430 घ्या आणि प्रत्येकाची पावती जोडा.

कागद मागायचे ते माहिती अधिकारात. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एक विषय, 150 शब्दांची मर्यादा, प्रतीला पानामागे 2 रुपये. ‘पाच वर्षांचा सगळा हिशेब द्या’ असं मागितलं तर उत्तर टाळायला निमित्त मिळतं. त्यापेक्षा नमुना 5 च्या रोकडवहीची आधी समक्ष पाहणी मागा, हवी ती पानं टिपा आणि तेवढ्याच साक्षांकित प्रती घ्या. 30 दिवसांत माहिती आली नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. लेखापरीक्षणाचा शेवटचा अहवालही मागाच. सरकारी लेखापरीक्षकाने आधीच घेतलेला आक्षेप तुमच्या शब्दापेक्षा कितीतरी वजनदार असतो.

ग्रामसेवकाविरुद्धची (2024 पासून पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) तक्रार या दोन्ही कलमांत बसत नाही. तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी, म्हणून ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे शिस्तभंगासाठी द्यायची. कुणी लाच मागत असेल तर अर्ज-विनंत्यांत वेळ घालवू नका. पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवा. पैसे देऊन झाल्यावर सापळा लावता येत नाही.

जिल्हाधिकारी किंवा आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध शासनाकडे अपील करायला फक्त 15 दिवस मिळतात. आदेश टपालाने आला तर शिक्का असलेलं पाकीट फेकू नका, ते आदेशाच्या प्रतीलाच टाचून ठेवा. मुदतीचा वाद निघाला की पहिल्यांदा तेच विचारतात.