फिरून आल्यावर 'कसे गेलात, किती खर्च आला?' याचं उत्तर आठवत नाही?

अलिबागहून परतलो की सोसायटीच्या ग्रुपवर हेच प्रश्न येतात, आणि माझ्याकडे फक्त समुद्राचे फोटो! आता एक सवय लावली आहे: पाट्यांचे फोटो.

१. गेटवेला तिकीट हातात आलं की त्याचा फोटो. दर त्यातच आला.
२. मांडव्याला बोटीतून उतरल्या उतरल्या एक फोटो, अलिबागला बसमधून उतरल्यावर आणखी एक. कसाही येऊ दे, वाकडा चालेल. वेळ फोन स्वतःच नोंदवतो, त्यामुळे कुठून कुठे किती वेळ लागला ते नंतर कळतं.
३. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक, खानावळीचा दरफलक. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून त्या दिवसाची ओहोटीची वेळही टिपून ठेवा.
४. परतीच्या बोटीत बसल्या बसल्या हे सगळे फोटो एका अल्बममध्ये टाका. घरी जाऊन करू म्हटलं की राहिलंच.

ग्रुपवर उत्तर लिहिताना फक्त अल्बम चाळायचा, तपशील आपोआप क्रमाने येतात.

कधी रेल्वेने गेलात आणि तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकणार असाल तर पीएनआर आणि क्यूआर कोड आधी झाका.