शिमग्याचा व्हिडिओ अडकतोय? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघा

शिमग्यात पालखी नाचतानाचा व्हिडिओ मोबाईलवर फोर-केमध्ये घेतला, एडिटिंगला टाकला आणि ढोल वाजतोय, पण पालखी मात्र थिजलेली. आमच्याकडे अशा वेळी लोक थेट नव्या लॅपटॉपची चौकशी करतात. जरा थांबा.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर व्हिडिओ चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, म्हणजे कशावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क यांपैकी कोण १०० टक्क्यांना टेकलंय ते बघा.

बहुतेक वेळा सीपीयूच असतो. मोबाईल व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ या दाबून लहान करण्याच्या पद्धतींत साठवतो. त्यात बऱ्याचशा फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, पूर्ण नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच त्यांत असतं. मधली एक फ्रेम दाखवायची तरी संगणकाला आधीच्या कित्येक उलगडाव्या लागतात. एडिटिंग करताना आपण सारखे मागेपुढे जातो, तिथे त्याचा दम निघतो.

यावर खरा उपाय प्रॉक्सी, म्हणजे त्याच व्हिडिओची हलकी नक्कल. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो, केडेनलाइव्ह आणि शॉटकट या एडिटिंगच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. क्लिपवर राइट क्लिक करून किंवा सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी शोधा. नक्कल ७२० पीची ठेवा. फोर-केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, ७२० पीमध्ये सव्वानऊ लाख, म्हणजे ओझं नवव्या हिश्शावर. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो. रात्री जेवायला बसताना लावून द्या. तेवढीही सवड नसेल तर प्रीव्ह्यूचं रिझोल्यूशन निम्मं किंवा पाव करा.

ढोलाचा ठोका आणि हात जुळत नसेल तर दोष वेगळा. मोबाईलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, कमीजास्त होत राहतो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (कायम सारखा) फ्रेमरेट निवडून फाइल बदलून घ्या आणि मगच एडिटिंगला बसा.

डिस्क अडत असेल तर फुटेज पेन ड्राइव्हवरून चालवू नका, एसएसडी या वेगवान डिस्कवर घ्या. मेमरी भरत असेल तर ब्राउझर बंद करा. ८ जीबी असेल आणि लॅपटॉपमध्ये जागा असेल तर १६ करून घ्या. पैसे घालायचेच तर आधी इथे.

आता किनाऱ्यावरच्या आपल्यासाठी खास. पंख्याच्या जाळीत धूळ बसते, दमट हवेत ती चिकटून राहते. मग लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं बरी जाऊन पुढे अडकत असेल तर संशय यावरच घ्या. जाळी साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच काम करा. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर ठेवा.

शेवटी एक्स्पोर्ट करताना प्रॉक्सी वापरण्याची खूण काढलेली आहे ना, ते तपासा. नाहीतर गावच्या ग्रुपवर पालखी धूसर जाईल.