एनओसीत नवीन लागताय? नुसत्या ट्रॅपच्या भरवशावर राहू नका

एनओसीत, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, जॉइन होणाऱ्यांसाठी लिहितेय. एसएनएमपी (उपकरणांची तब्येत विचारायची-कळवायची पद्धत), पिंग (उपकरण उत्तर देतंय का एवढंच बघणं) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. अंधेरी ईस्टला नाइट शिफ्टवर लागले तेव्हाच्या पहिल्या पावसाळ्यातली एक रात्र अजून आठवली की पोटात गोळा येतो.

पावणेतीनला एक यूपीएस ट्रिप झाला आणि कोअर स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारा मुख्य स्विच, बंद, तीन मजले ठप्प. स्विचला दोन पॉवर सप्लाय, वेगवेगळ्या यूपीएसवर, मग असं कसं? अ‍ॅडमिनला फोन लावला, "सर, स्विच डाऊन आहे", त्यांनी विचारलं कुठला, कधीपासून, कोणता रॅक, आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. लाइट आल्यावर टॉर्च घेऊन रॅकच्या मागे गेले तर एका सप्लायचा दिवा हिरवा, दुसऱ्याचा नारिंगी. एसी बघायला येणारे काका म्हणाले, "मॅडम, तो बरेच दिवस तसाच आहे."

लॉग काढला तर अठरा दिवस! आणि एवढे दिवस माझ्या स्क्रीनवर तो स्विच हिरवाच, कारण आम्ही बघत होतो फक्त पिंग, आणि एका सप्लायवरही स्विच पिंगला उत्तर देतोच.

आता हे नीट वाचा. सप्लाय गेला तेव्हा स्विचने ट्रॅप, म्हणजे बिघाडाची आपणहून दिलेली सूचना, पाठवला होता. पण ट्रॅप जातो यूडीपीने (पोच न मागणारी पद्धत) पोर्ट १६२ वर, पोचला का हे स्विच विचारत नाही आणि परत पाठवतही नाही. नेमका त्याच वेळी आमचा मॉनिटरिंग सर्व्हर पॅचिंगसाठी रीबूट होत होता, मग गेला तो गेलाच. इन्फॉर्म (पोच मागणारी सूचना) लावलात तर पोच येईपर्यंत स्विच परत पाठवून बघतो, पण तेही ठरावीक वेळाच. म्हणून दर ५ मिनिटांनी स्विचला पोर्ट १६१ वर आपणच विचारायचं: सप्लाय, फॅन, टेंपरेचर. एक फेरी चुकली तरी पुढची पकडते. सिस्कोच्या एनव्हमॉन एमआयबीत (एसएनएमपीने काय काय विचारता येतं त्याची यादी) सप्लायचं स्टेट १ म्हणजे नॉर्मल, ५ म्हणजे सप्लाय बसवलेलाच नाही, ६ म्हणजे चालत नाही. आमचा अठरा दिवस ६ वर होता आणि कोणी विचारलंच नाही.

अलर्टचा मेल त्याच स्विचमधून जात असेल तर तो येणारच नाही, वेगळ्या, सिमकार्डवाल्या जीएसएम मोडेमवरून एसएमएस ठेवा. मेसेजमध्ये मजला, रॅक, डावा की उजवा सप्लाय, कधीपासून आणि सिरियल नंबर, कारण व्हेंडर पहिलं तेच मागतो.

डम्प (परीक्षेतले तयार प्रश्न-उत्तरं) पाठ करून सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंग सर्टिफिकेट, काढलेल्यांना यातलं काही येत नाही, स्पष्टच सांगते. "तिकीट टाक (तक्रार नोंदव) आणि सोड" म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा जो तुम्हाला सर्व्हर रूममध्ये नेऊन दिवे दाखवतो त्याच्या मागे लागा. आणि रात्री तीनला फोन करायला घाबरू नका हो, मी पण घाबरायचे, पण वेळेवर केलेल्या फोनवर मला आजवर कोणी ओरडलेलं नाही.

या महिन्याच्या मेंटेनन्स विंडोत परवानगी घेऊन टेस्ट स्विचच्या एका सप्लायची केबल काढा आणि बघा, अ‍ॅडमिनचा फोन किती मिनिटांत वाजतो.